चुलीपुढची बाई

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात माझं तसबिरींना चौकटी करायचं दुकान होतं. कोकणातला एक चितारी दर श्रावणात समुद्राची चित्रं घेऊन यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. चित्र हातात देण्याआधी तो एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहायचा आणि स्वतःशीच हसायचा.

त्या वर्षी त्याने एकच चित्र आणलं. चुलीपुढे तांदूळ निवडत बसलेली बाई.

"हे विकायचं नाही हो, चौकट तेवढी करून द्या. आमची मंडळी. शिमग्यात गेली. आठवून आठवून काढली."

त्या वेळी तो हसला नाही.

जरा चकाकी आणली तर त्याला बरं वाटेल, असं मला वाटलं. देवादिकांच्या छापील तसबिरींना लावायचो तसं रोगण लावून मी फडकं फिरवलं. आतला रंग ओलाच होता. तिचा चेहरा फडक्यावर आला.

दुसऱ्या दिवशी तो बघतच उभा राहिला. "तेल मीच जास्त घातलं असणार," म्हणाला.

"व्हय पावणं," मी म्हणालो, "त्यात हवा दमट. आपसूकच वघळलं की. पुन्हा काढा."

"समुद्र रोज समोर असतो हो. हिला आता समोर कशी बसवू?"

तो परत आला नाही. आपला हातच फसवा म्हणून त्याने कुंचला सोडला, असं त्याच्या गावच्या माणसाकडून कळलं. तेव्हाही मी गेलो नाही. आता तोही वारला. चूक त्याच्या हाताची नव्हती, माझी होती, एवढं त्याला सांगायचं देणं माझ्याकडे राहिलं आहे.