घटापुढचा बल्ब

चिखलीत गोजाबाईच्या वाटेला जायची कुणाची छाती नव्हती. बाई एकटीनं पिठाची गिरणी चालवायची. पट्टा सुटला तर पदर खोचून स्वतः चढवायची, आणि 'माझं पीठ कमी भरलं' म्हणणाऱ्याला असा फैलावर घ्यायची की पुढच्या खेपेला तो गुमान बायकोला पाठवायचा. पण हीच बाई नवरात्र आलं की अर्धी व्हायची. तोंडचा घास गोड लागायचा नाही, डोळ्याला डोळा लागायचा नाही. घटापुढचा दिवा विझेल, एवढीच काय ती धास्ती.

त्याला कारणही तसंच होतं. तिचा नवरा मालोजी विषमज्वरानं अंथरुणाला खिळला तो ऐन नवरात्रात. गोजाबाई त्याच्या उशाशी बसून कपाळावरच्या ओल्या पट्ट्या बदलत राहिली, आणि पाचव्या माळेला घटापुढचा नंदादीप विझला. दसऱ्याच्या दिवशी मालोजी गेला. झालं! सासू आक्काबाई भरल्या घरात सगळ्या भावकीदेखत बोलून गेली, "हिनं दिवा इझू दिला. हिनं माझा ल्योक घालवला."

एकदाच बोलली हो. पुन्हा कधी तो शब्द काढला नाही. पण काढायची गरज तरी काय होती? दरवर्षी घट बसले की म्हातारी भिंतीला पाठ लावून बसायची आणि दिव्याकडे टक लावायची. त्या नजरेनंच गोजाबाईचं काळीज सोलून निघायचं. दोघी एका ताटात जेवत, एकमेकींचे पाय चेपत, पण ते एक वाक्य दोघींच्या मध्ये बसलेलं असायचं. दसऱ्याला सगळा गाव आपट्याची पानं वाटत फिरायचा, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा म्हणायचा. ह्यांच्या घरात मालोजी गेल्यापासून आपट्याचं पान आत आलं नव्हतं.

आता घराचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढची सगळी गोष्ट अधांतरी राहील. ह्या घरात घट बसायचा तो सोप्यात, जात्याच्या खुंट्यापाशी. पिढ्यान्‌पिढ्या तीच जागा. देवी धान्याची, तिला जातं सोडून दुसरीकडं बसवायची नाही अशी त्या घरची रीत होती. पुढं पिंपरीला सरकारी औषधांचा कारखाना उभा राहिला. त्याच्यासाठी विजेचे खांब आले, आणि गोजाबाईनं चिंचवडच्या वीज कंपनीच्या ऑफिसात खेटे घालून घालून एक फाटा चिखलीला ओढून आणला. तेलाचं इंजिन मोडीत काढलं आणि त्याच सोप्यात विजेची मोटार बसवली. लोणावळ्याच्या तळ्यातलं पाणी घाटाखाली खोपोलीला पडतं, त्याच्यावर वीज होते आणि त्या विजेवर आपली बाजरी दळली जाते, हे काही आक्काबाईला अखेरपर्यंत पटलं नाही. "पाण्यानं कुटं पीठ व्हतंय व्हय? लगदा व्हईल," म्हणायची. तर मोटार आली, जातं दळायचं थांबलं, पण घटाची जागा तीच राहिली. गिरणीच्या दगडापासून चार हातांवर.

आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. गिरणीत पिठाचा धुरळा उडणार, आणि घटापुढं उघडी ज्योत तेवणार. हवेत पीठ दाट झालं तर भडका उडतो. मागल्या वर्षी कंपनीच्या माणसानं समई बघितली आणि दम भरला, "पुन्हा गिरणीत ज्योत दिसली तर वीज तोडीन." मग करायचं काय? घट हलवायचा नाही, ज्योत लावायची नाही, आणि दिवा तर अखंड पाहिजे.

तोडगा काढला मीरासाहेबानं. हा कंपनीचा लाइनमन. चिंचवडचा माणूस, सायकलीवर शिडी लादून गावोगाव हिंडणारा, स्वभावानं इतका भिडस्त की कुणाला नाही म्हणता म्हणता हो म्हणून बसायचा. तो म्हणाला, "घटाम्होरं बल्ब लावू. ना ज्योत, ना धूर, ना वाऱ्याची भीती." गोजाबाईला तर देवीच बोलली असं वाटलं. वाऱ्यानं न विझणारा दिवा! पण त्यात एक मेख होती. मोटारीची वीज स्वस्त, युनिटला आण्याच्या आसपास. दिव्याची महाग, त्याच्या चौपट. म्हणून दिव्याचं मीटर निराळं घ्यावं लागायचं. मोटारीच्या मीटरवर दिवा जाळला की ती सरळ चोरी, सापडली की गिरणीची वीज बंद. गोजाबाईनं दिव्याच्या मीटरचा अर्ज रीतसर दिला होता, पण तो ऑफिसात कुठं तरी पडून होता आणि घटस्थापना उद्यावर आली होती. मीरासाहेबानं डोकं खाजवलं, इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि मोटारीच्या मीटरमधून एक तार काढून भिंतीवरून घटापर्यंत नेली. "नऊ दिवसांचा तर सवाल हाय, वहिनी. कोण येतंय बघायला?" म्हणाला.

येणारे नेमके तेव्हाच येतात, नाही का?

सातवी माळ होती. दुपारची वेळ, सोपा बायकांनी भरलेला, दसऱ्याच्या पुरणासाठी भरडायच्या डाळी, उपासाची भगर, डब्यांची ही रांग. मोटार घुमत होती. घटापुढं बल्ब जळत होता आणि आक्काबाई त्याच्यापाशी नेहमीसारखी बसली होती. तेवढ्यात मीरासाहेब दारात सायकल टाकून आत धावला. घामानं निथळत होता.

"वहिनी, मोटार बंद करा. तपासणीचे साहेब आल्यात. तळवड्याची गिरणी बघून जीप हिकडंच निघालीया. मी शेतातनं आलो. काढा तो बल्ब, आत्ताच्या आत्ता!"

गोजाबाईनं मोटार बंद केली. पट्टा फटफटत थांबला आणि सोप्यात एकदम चिडीचूप झालं. "बल्ब काढायचा म्हंजी? दिवा इझवायचा?"

"इझवावाच लागंल. साहेब आधी मोटार बंद करायला लावतो आन् मीटरच्या चकतीकडं बघत हुबा ऱ्हातो. मोटार बंद आन् चकती फिरतीया, म्हंजी चोरी. तिथल्या तिथं तार कापतोय तो."

"मग आधी समई लावते. समई लागली की बल्ब काढते."

"ज्योत दिसली तर त्याच्यावरनं तोडतील! मागल्या साली सांगून गेल्यात की न्हाई?" मीरासाहेबाचा आवाज रडवेला झाला. "वहिनी, माझी नोकरी जाईल. तुमची गिरणी जाईल. इंजिनबी न्हाई आता तुमच्याकडं. खायचं काय?"

खरंच होतं ते. ह्या गिरणीवर दोन बायका जगत होत्या. गोजाबाई भिंतीवरच्या बटणापाशी गेली. हात वर केला. अहो, पट्ट्यात हात घालायला न भिणारी बाई, पण तिची बोटं बटणाला लागेनात. मागून शेजारची रंभा बोललीच, "अगं बाई, नवरात्रात दिवा इझवतीस? आन् तू?" त्या 'तू' नं गोजाबाईचा हात खाली आला.

"माझ्यानं न्हाई व्हायचं," ती म्हणाली. "तोडू दे वीज. मी जात्यावर दळीन, उपाशी मरीन, पण एकदा भोगलंय मी. पुन्यांदा न्हाई."

लांबून जीपचा आवाज यायला लागला. ओढ्याच्या चढाला गिअर टाकला की कसा घरघरतो, तसा. मीरासाहेबानं खाली मान घातली. त्याला स्वतः बटण दाबता आलं असतं की! पण दुसऱ्याच्या देवाचा दिवा तो कसा विझवणार?

तेव्हा आक्काबाई उठली.

गुडघ्यावर हात टेकून, भिंत धरून, कण्हत उठली. बायकांनी वाट दिली. म्हातारीनं सुनेला बाजूला सारलं, बटण शोधलं आणि दाबलं. बल्ब गेला. मग ती घटापाशी वाकली, उघड्या हातानं तो बल्ब धरला आणि पिळून काढला. सात दिवस अखंड जळलेला बल्ब तो! तिच्या तोंडून 'स्स' सुद्धा निघालं नाही. बल्ब तिनं पदराखाली घेतला आणि परत आपल्या जागी जाऊन बसली.

"समद्यांनी बघितलं न्हवं?" ती म्हणाली. "मी इझवलाय. माझ्या हातानं. मीरा, तार काढ."

मीरासाहेबानं तार हिसडून काढली, होल्डरसकट गुंडाळली आणि रंभाच्या डाळीच्या डब्यात खुपसली. रंभानं डब्यावर झाकण दाबलं आणि वर बसली. बोलणं निराळं आणि वागणं निराळं, अशीच होती ती. जीप दारात थांबली.

साहेब आत आले. उंच, काळे, कपाळावर आठ्या. घट बघून त्यांनी बूट दाराबाहेर काढले, तेवढं सगळ्यांच्या लक्षात आलं. सरळ मीटरपाशी गेले आणि चकतीकडं बघत उभे राहिले. चकती गप्प होती. गोजाबाईला वाटलं, सुटलो.

सुटलो कसलं! साहेबांची नजर मीटरवरून भिंतीवर गेली. गिरणीची भिंत ती, पिठानं पांढरी झालेली. आणि जिथून तार गेली होती तिथं एक काळी रेघ स्वच्छ दिसत होती. मीटरपासून निघालेली, खिडकीवरून वळलेली, थेट घटापर्यंत. तार निघाली तरी तिचा माग भिंतीवर राहिला होता. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. साहेबांनी ती रेघ डोळ्यांनी चालत चालत नेली आणि घटापाशी थांबले.

"आजी," साहेब म्हणाले, "घटापुढं दिवा नाही?"

आक्काबाईनं मान वर केली.

"हुता, साहेब. इझला."

"विझला?"

"मी इझवला."

साहेब तिच्याकडं बघत राहिले. ज्याच्या घरी घट बसतो त्याला त्या उत्तराचा अर्थ सांगावा लागत नाही. मग भिंतीपाशी गेले, तळहात पिठात माखला आणि त्या काळ्या रेघेच्या सुरुवातीवर, मीटरच्या बुडाशी, फिरवला. तेवढीच जागा पांढरी झाली, आणि रेघ मीटरपासून तुटली.

"पुन्हा ही रेघ दिसली तर भिंतीसकट तोडीन," ते खेकसले. मीरासाहेबाला म्हणाले, "आणि तू, ह्यांचा दिव्याच्या मीटरचा अर्ज घेऊन उद्या माझ्यासमोर ये. तुझ्याशी निराळं बोलायचंय."

बूट घातले आणि गेले. पुढं मीरासाहेबाची नोकरी राहिली, पण त्याला पार लांब डोंगराकडच्या लायनीवर टाकलं, सायकल दामटून दामटून बिचाऱ्याच्या पिंढऱ्या मोडल्या. ते असो.

जीपचा आवाज ओढ्यापार गेल्यावर गोजाबाई सासूपाशी बसली आणि तिचा हात पदराखालून ओढला. बोटं मिटलेली होती, ती एकेक करून सोडवावी लागली. तळहातावर फोड टरारून आले होते आणि कातडी बल्बला चिकटली होती.

"आत्याबाई! टाकला का न्हाई हो खाली?"

"फुटला असता. आवाज झाला असता."

गोजाबाईनं तूप आणलं. लावता लावता तिची नजर पुन्हा पुन्हा त्या काळोख्या घटाकडं जात होती. "आत्याबाई, आता काय व्हईल वं?"

"काय व्हतंय? काय न्हाई." म्हातारी घटाकडं बघत बोलली, सुनेकडं नाही. "तवाबी दिव्यानं काय झालं न्हवतं. ताप हुता त्याला. डाक्टर मिळाला न्हाई. मला कुणावर तरी घालायचं हुतं, गोजा. तू जवळ हुतीस."

गोजाबाई तिथंच, पिठात, बायकांच्या देखत हंबरडा फोडून रडली. मालोजी गेला तेव्हा तिला रडूही दिलं नव्हतं कुणी. रंभानं डोळ्याला पदर लावला. आक्काबाईनं दुखऱ्या हातानंच सुनेचं डोकं मांडीवर ओढलं, आणि थोड्या वेळानं तिच्या पाठीत थापटी मारली.

"ऊठ. मोटार चालू कर. बायका खोळंबल्यात."

उरलेल्या दोन माळा घट दिव्याविना राहिला. दसऱ्याला घट उठले, आणि घरातली दोन्ही माणसं जिवंत, जागच्या जागी होती. संध्याकाळी गोजाबाई दळणाचे डबे आवरत होती तेव्हा आक्काबाई शिवेवरून परत आली. उजव्या हाताला फडकं बांधलेलं होतं. डाव्या हातात आपट्याची पानं होती.

"डावा हात हाय," ती सुनेला म्हणाली. "घेशील का?"

गोजाबाईनं पिठाचे दोन्ही हात लुगड्याला पुसले आणि ओंजळ पुढं केली.