तार्नोच्या कबरीचा बिंदू

डेमाकच्या किनाऱ्यावरच्या टेगलवुंगू गावात वार्तिना ग्रामकार्यालयातली कारकून होती. वय पन्नाशीचं, अक्षर टपोरं, आणि वही असो की कपाट, पसारा तिला खपायचा नाही. सेमारांग शहराहून आलेल्या कॉलेजच्या पोरांनी तिला नकाशे करायचा फुकट मिळणारा प्रोग्राम शिकवला आणि तिला त्याचा नादच लागला. कोळंबीची तळी, बांध, विहिरी, सगळं तिनं कुणीही उघडून पाहावं अशा नकाशावर चढवलं. समुद्र दरवर्षी थोडा थोडा गावात शिरत होता. काय कुठं होतं, एवढं तरी राहावं असं तिला वाटे.

कबरस्तानही तिनं असंच उतरवलं. म्हाताऱ्या नावं सांगत आणि ती प्रत्येक कबरीपाशी क्षणभर फोन धरून बिंदू घेई. दोनशे अकरा बिंदू झाले. प्रत्येक बिंदूबरोबर फोन आणखी एक आकडा लिहीत होता: ही जागा किती मीटरनं चुकलेली असू शकते, त्याचा. कुठं चार, कुठं नऊ. घरी यादी साफ करताना तिला तो रकाना नुसती अडगळ वाटला. तिनं तो पुसला आणि फाइल त्याच नावानं जतन केली. मूळ प्रत वेगळी ठेवा, असं पोरांनी बजावलं होतं. पण एकच गोष्ट दोनदा कशाला ठेवायची?

सहा वर्षांत कबरस्तानावर चिखल चढला, लाकडी खुणा वाहून गेल्या. शेवटी ठरलं, दोन दिवसांच्या मोठ्या ओहोटीत निघतील तेवढ्या अस्थी काढून आतल्या उंच जागी न्यायच्या.

"वार्तिनाकडं नकाशा आहे, मग काळजी कसली!" सगळे म्हणाले.

म्हातारी रुकिनेम सकाळीच गुडघाभर चिखलात येऊन उभी राहिली. तिचा एकुलता तार्नो तापानं गेला होता, एकविसाव्या वर्षी.

"माझ्या तार्नोला आधी काढ गं. मोटरसायकलवरून पडला तेव्हा मांडीत सळई घातलीय त्याच्या. लगेच ओळखू येईल."

वार्तिना फोन धरून चालत गेली. नकाशावरचा बाण बिंदूवर थांबला. "इथंच, आजी."

खणायला आलेल्या पाइमाननं फावडं चालवलं. हाडं लागली.

"सळई नाही."

"नीट बघ की रे!"

"दोन्ही मांड्या बघितल्या, आजी. हा तुमचा नव्हे."

दोन पावलं सरकून खणलं, तर लहान मुलाची हाडं निघाली. तिसऱ्या खड्ड्यात पाणीच भरलं.

"तुझ्या फोनात तार्नो लिहिलंय ना?"

"लिहिलंय."

"मग गं?"

वार्तिनानं फोनातली यादी उघडून पाहिली. दोन कबरींमध्ये हातभर अंतर, आणि बिंदू कुठं चार, कुठं नऊ मीटर इकडचा तिकडं. कुठल्या बिंदूवर विसंबावं हे ज्या रकान्यानं सांगितलं असतं, तो तिनंच पुसला होता.

दोन दिवसांत चौतीस जणांच्या अस्थी निघाल्या. खात्रीनं नाव लागलं ते सहांनाच. बाकीच्यांना पांढऱ्या कापडात गुंडाळून एका रांगेत बिननावाचं पुरलं. तार्नो सापडलाच नाही. पुढच्या भरतीत बांध फुटला आणि ती जागा कायमची पाण्याखाली गेली.

वार्तिना तेंपेची, आंबवलेल्या सोयाबीनची, भजी घेऊन रुकिनेमकडं गेली, तेव्हा म्हातारीनं तिला दारातच थांबवलं.

"तू मुद्दाम केलं नाहीस, ते कळतं मला. पण तुझं तोंड बघितलं की मला तो खड्डा दिसतो. येत जाऊ नकोस, पोरी."

त्यानंतर रुकिनेम दोन वर्षं जगली. वार्तिना गेली नाही.

आता आसपासची गावं तिला शिकवायला बोलावतात. ती सांगते, फोन काढल्याबरोबर बिंदू घेऊ नका. उघड्या आभाळाखाली थांबा, जागा किती मीटरनं चुकतेय तो आकडा खाली येऊ द्या. एका जागेचे तीन बिंदू घ्या. जवळच्या पक्क्या भिंतीपासून फितीनं अंतर मोजून वहीत लिहा. मूळ फाइलला हात लावू नका, काम प्रतीवर करा. आणि ज्या रकान्याचा अर्थ कळत नाही, तो तर मुळीच पुसू नका.

"एवढं कोण करत बसणार, बाई?" एखादी मुलगी हसून म्हणतेच.

मग वार्तिना तार्नोचं सांगते. सांगून झाल्यावर कुणी हसत नाही, आणि ती सगळ्यांना उघड्या आभाळाखाली नेऊन पहिला बिंदू घ्यायला लावते.