चार दिवस हात लावायचा नाही

नाशिकच्या एका धर्मादाय दवाखान्यात गोटीराम तीस वर्षं ड्रेसर होता. जखमेला चिकटलेली पट्टी सोडवताना भलेभले पैलवान आईला हाका मारतात. पण गोटीरामपुढे कुणी ओरडत नसे. त्याच्याकडे एक गोष्ट होती.

"येवल्याचा जावई निघाला सासरवाडीला. एसटीत डोळा लागला, उतरला लासलगावला. कांद्याचा लिलाव चाललेला. जावयानं आळस द्यायला हात वर केला, अन् ट्रॉलीभर कांदा त्याच्या नावावर! तो घेऊन गेला सासूकडे. सासू म्हणाली..."

तेवढ्यात सर्रकन पट्टी निघालेली असे. सासू काय म्हणाली, ते तीस वर्षांत कुणाला कळलं नाही.

२००४ साली त्याच्या बायकोच्या, सिंधुबाईच्या टाचेला जखम झाली. साखर जुनी, चप्पल नवी. डॉक्टर सविताताईंनी स्पंजासारखी मऊ फोमची पट्टी लावली.

"काका, ही जखमेतलं पाणी शोषते, चिकटत नाही. वास आला, ताप आला किंवा पाणी कडेपर्यंत आलं तर लगेच या. नाहीतर चार दिवस हात लावायचा नाही."

"चार दिवस? ताई, चार दिवसांत माणूस गावाला जाऊन येतो!"

एक दिवस त्यानं कळ काढली. दुसऱ्या दिवशी सिंधुबाई म्हणाली, "अहो, आत जरा खाजतंय."

झालं! हात धुऊन, स्टूल ओढून, तिचा पाय मांडीवर घेऊन गोटीराम बसला. फोम अलगद निघाला. गोष्ट सांगायची वेळच आली नाही, याचं त्याला थोडं वाईटही वाटलं. जखम लालसर, चांगली होती. त्यानं नवी पट्टी लावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा खाजलं. मग रोजच खाजू लागलं. इतकी वर्षं तो लोकांचे पाय धरून दमून घरी यायचा. आता अर्धा तास तिचा पाय त्याच्या मांडीवर असे.

तिसऱ्या आठवड्यात जखम काळी पडली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"ताई, मी रोज उघडत होतो," गोटीरामनं आपणहून सांगितलं.

सविताताई म्हणाल्या, "साखर होतीच, काका. रक्तही नीट पोचत नव्हतं. पण जखमेला तुम्ही निवांत बसू दिलं नाहीत."

कापलेल्या पायाच्या टोकाला पुन्हा फोमच लागला. पुन्हा चार दिवस. गोटीराम खाटेशेजारी स्टुलावर बसून राहिला, दोन्ही हात पायजम्याच्या खिशात कोंबून.

तिसऱ्या दिवशी सिंधुबाई भिंतीकडे बघत म्हणाली, "खाजत नव्हतं हो."

"काय?"

"तेव्हा. एकदाही खाजलं नव्हतं. तुम्ही बसायचे ना जवळ, म्हणून म्हणायचे."

बाहेर कुणाचं तरी स्ट्रेचर खडखडत गेलं.

"ती गोष्ट तरी सांगा," ती म्हणाली. "साऱ्या नाशिकला सांगितली, मला नाय कधी."

त्यानं सांगितली. जावई, एसटी, लिलाव, ट्रॉली. नेहमीच्या जागी येऊन तो अडला. आज पट्टी निघायची नव्हती.

"मग? सासू काय म्हणाली?"

"म्हणाली, जावईबापू, पुढच्या खेपेला हात खिशात घालून या."

सिंधुबाई हसली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

"शहाणी होती बाई," ती म्हणाली.

गोटीरामनं मान हलवली. हात मात्र खिशातून काढले नाहीत.