पाणसळीला पटलेला उतार

आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी जा, भिंतीवरचे फोटो सरळ दिसतील. त्याचं श्रेय घरमालकांच्या टापटिपीला नाही, फ्रेमवाल्या काकांना आहे. चौतीस वर्षं ते फोटोंना चौकटी करतात, आणि कुणाकडेही गेले की आधी वाकडी तसबीर सरळ करतात, मग बसतात. एकदा ते दवाखान्यात आजारी मित्राला भेटायला गेले आणि समोरचं कॅलेंडर नीट लावून परत आले. मित्राची तब्येत कशी आहे, असं काकूंनी विचारलं तेव्हा ते बराच वेळ विचारात पडले होते.

काकूंचा जीव मागच्या पडवीतल्या ऑर्किडच्या बावन्न कुंड्यांत. पण बोअरचं पाणी इतकं जड की पानांवर पांढरे डाग पडत आणि मुळं काळी होत. गेल्या वर्षी त्रेसष्ट कुंड्या होत्या. यंदा काकूंनी जाहीर केलं, "पावसाचं पाणी साठवायची सोय झाली तर ठीक. नाहीतर महिनाअखेर सगळ्या कुंड्या ताईकडे पाठवते. तिच्याकडे तळ्याचं पाणी येतं."

काका ऑर्किडबद्दल कधी बरं-वाईट बोलले नव्हते. मात्र दुकान दहाला उघडे, आणि दहापर्यंत ते चहाचा कप घेऊन त्या कुंड्यांमध्येच बसलेले असत. तिथे कुंड्या नसत्या तर त्यांना फरशीकडे बघत बसावं लागलं असतं.

"मी करतो," काका म्हणाले.

"अहो, माझा सख्खा भाऊ प्लंबर आहे."

"म्हणूनच मी करतो."

चार दिवस दुकानावर "अर्ध्या तासात येतो" अशी पाटी होती. काकांनी पडवीच्या पत्र्याच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत पन्हळ बसवली, टोकाला पाइप जोडला, पाइपाखाली दोनशे लिटरचं निळं पिंप ठेवलं. कचरा अडवायला पिंपावर जाळीचं झाकण केलं. झाकणाला सागवानी चौकट होती, आणि तिचे कोपरे असे जुळले होते की सांध्यात नख शिरणार नाही. पिंप गोल होतं ही काही काकांची चूक नव्हती.

पन्हळीचा प्रत्येक खिळा त्यांनी पाणसळ, म्हणजे सपाटी तपासायची पट्टी, लावून ठोकला. पाणसळीतला बुडबुडा ठोक्यागणिक बरोबर मधोमध. अशी सरळ पन्हळ गल्लीत दुसरी नव्हती.

गुरुवारी दुपारी पाऊस आला. पन्हळ काठोकाठ भरली. पाणी कुठल्याच बाजूला जायची घाई करेना. पानं-माती पाइपाच्या तोंडाशी निवांत जमली आणि तोंड बंद झालं. मग पन्हळ एकाच वेळी पूर्ण लांबीभर सांडू लागली. पाण्याचा पडदा इतका एकसारखा होता की काका दोन मिनिटं कौतुकाने बघत राहिले. पिंपात दोन बोटं पाणी पडलं.

नेमका तेव्हाच मेहुणा छत्री झटकत आला. त्याने वर पाहिलं.

"भावोजी, ही पन्हळ आहे की फोटो?"

"सरळ आहे."

"तेच तर! उतार कुठंय? मीटरला निदान अर्धं बोट तरी खाली हवी. आणा तो हातोडा, दहा मिनिटांचं काम."

"हात लावायचा नाही," काका म्हणाले.

काकूंनी भावाला चहा दिला आणि कॅलेंडरकडे पाहिलं. महिना संपायला नऊ दिवस होते.

पुढचे दोन दिवस काका शिडीवर चढत आणि उतरत. टोकाचा खिळा खाली घ्यायला जात, बुडबुडा सरके, की हात आपोआप खिळा पुन्हा वर घेई. चौतीस वर्षांची सवय अशी दोन दिवसांत ऐकत नाही. शेवटी शनिवारी ते दुकानात गेले, फोटोच्या मागे लावतात तो जाड पुठ्ठा घेतला, त्याची बोटभर पट्टी कापली आणि पाणसळीच्या एका टोकाखाली चिकटवली. मग पुन्हा शिडी लावली. आता पन्हळ उतरती धरली की बुडबुडा मधोमध येई. काकांनी एकामागून एक खिळे ठोकले.

खालून शिडी धरलेल्या काकू हे सगळं बघत होत्या. "म्हणजे बिचाऱ्या पाणसळीला फसवलंत!"

"तिची तक्रार नाही," काका म्हणाले.

मंगळवारी पाऊस आला. पन्हळीतून पाणी खळखळत एका दिशेला निघालं, पाइपातून कोसळलं, आणि तासाभरात पिंप भरून वाहू लागलं. काकूंनी पहिला तांब्या त्यातूनच घेतला आणि मग बहिणीला फोन लावला. "ताई, कुंड्या काही येत नाहीत गं. हो, यांनीच केलं. नाही, पडलेबिडले नाहीत."

काका पिंपाजवळ उभे होते. पाणी एका बाजूने काठाला लागून वाहत होतं, दुसऱ्या बाजूला काठ दोन बोटं वर राहिला होता. पिंपाखालचा ओटा कलता होता. त्यांनी पिंप हलवून पाहिलं. दोनशे किलो जागचे हलेनात.

"अहो, खबरदार!" काकू आतून ओरडल्या.

आता काका रोज सकाळी चहाचा कप घेऊन बावन्न कुंड्यांमध्ये बसतात आणि पिंप रिकामं व्हायची वाट बघतात. पिंपाखाली सारायला पुठ्ठ्याच्या पट्ट्या खिशात तयार असतात. पाऊस मात्र पिंप रिकामं होऊ देत नाही, आणि काकूंच्या चेहऱ्यावरून त्यांना त्याबद्दल काही वाईट वाटत असावंसं दिसत नाही.