रेवा त्या उतारावर गेली नाही

यजमान गेल्यापासून माझं नामस्मरण नुसतं सवयीचं झालं होतं. ओठ 'श्री गुरुदेव दत्त' म्हणत, मन मात्र विचारी, कोणी ऐकतंय का? आखातातल्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीत, एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मी कागदपत्रं सांभाळते. गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी दुपारी कंपनीच्या बसने घरी निघाले, तेव्हा डोक्यात नुसता गोंधळ होता.

माझी मुलगी रेवा मैत्रिणींबरोबर जॉर्जियाच्या बर्फाळ डोंगरांत गेली होती. फोनवर म्हणाली, गाइड आजारी पडलाय, पण उद्या आमच्या आम्हीच पलीकडच्या गावी चालत जाणार. "मम्मा, रिलॅक्स. इट्स जस्ट स्नो." इथे वाढलेली पोर, बर्फ पाहिला तो मॉलमधला, नकली. आणि मी कोकणातली. मी तरी काय सांगणार? अडवावं तर तिचा हिरमोड, जाऊ द्यावं तर माझा जीव थाऱ्यावर नाही. फोन चालूच होता. डोळे मिटून एवढंच म्हटलं, "महाराज, काय बोलू ते तरी सुचवा."

"बाजी, सब खैरियत?"

नेहमीचा ड्रायव्हर सुट्टीवर होता. त्याच्या जागी आलेला हा माणूस पाकिस्तानातल्या बर्फाळ गिलगिटचा, मला 'बाजी' म्हणजे ताई म्हणे. बसमध्ये मी एकटीच उरले होते. मी सांगितलं तशी त्याने बस कडेला घेतली आणि फोन मागितला. मी स्पीकर लावून दिला.

"बेटा, नई बर्फ गिरी है? हवा चली?"

"येस अंकल, टू डेज."

"रास्ता खड़ी ढलान से है? चलते वक्त बर्फ अंदर से धम्म बोलती है?"

"येस... ट्वाइस. वी लाफ्ड."

"हँसो मत. वो बर्फ नीचे से छूटी हुई है. मेरा भाई ऐसी ही ढलान में गया. पहाड़ को बैठने दो. गाइड के बगैर कदम नहीं रखना."

रेवाने ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा रडत फोन आला. त्या उतारावरचा सगळा बर्फ कोसळला होता. दोन गावकरी त्याच वाटेने निघाले होते. एकाला लोकांनी उकरून जिवंत काढलं. दुसरा सापडला तेव्हा गेलेला होता.

मी देवापुढे बसले, पण आभाराचे शब्द येईनात. दत्तगुरूंनीच त्या ड्रायव्हरला माझ्याकडे धाडलं म्हणावं, तर त्या गेलेल्याच्या आईकडे कोणी का नाही गेलं?

सोमवारी बसमध्ये चढताना त्याला सगळं सांगितलं. त्याचे पाय धरावेत असं वाटत होतं. "मुझे नहीं बाजी, ऊपरवाले को कहो," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "जो नहीं रहा, उसका नाम?"

मला ठाऊक नव्हतं.

"उसको पता है," असं म्हणत त्याने दोन्ही तळवे वर करून डोळे मिटले. मागून कोणीतरी घाई करत "यल्ला, यल्ला" ओरडलं, तो हलला नाही. मीही हात जोडले. माझं कोडं तसंच होतं. ते महाराजांच्या पायाशी ठेवलं, आणि ज्याला कधी पाहिलं नाही, त्याच्यासाठी नाम घेतलं.