पद्मालयाच्या तीर्थाचा गडू

"अपेंडिक्स फुटलंय. आता घरी नेलं तर बाई जगणार नाही," जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर आमच्या मालकांना म्हणाले. मी ऐकत होते.

अपेंडिक्स म्हणजे आतड्याला असलेली बोटाएवढी शेपटी. ती फुटली की पोटात पू पसरतो. उजव्या कुशीत दुखलं तर ओवा चावत बसू नका, लगेच दाखवा. एरंडोलहून जळगावला येईपर्यंत मला उशीर झाला होता.

ऑपरेशन झालं. नाकात नळी, हाताला सलाईन. डॉक्टरांनी सासूबाईंना बजावलं, "आतडं झोपलंय. वारा सरेपर्यंत पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. जिवावर बेतेल."

जीभ टाळूला चिकटायची. सासूबाई ओठांवरून ओला कापूस फिरवायच्या, तेवढाच गारवा.

एका दुपारी त्या पद्मालयाहून गणपतीचं तीर्थ घेऊन आल्या. चालून पाय सुजले होते. गडूत धूळ पडू नये म्हणून पदराने झाकून आणला होता.

"एक घोट ले बेटी. देवनं शे. तुले काय व्हवाव नही."

पाणी माझ्या ओठांपाशी होतं. त्याचा वास येत होता. लग्नापासून मी त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं. मी दात आवळले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"देवले नही म्हनस?" त्यांनी विचारलं. गडू तिथंच धरलेला. मी डोळे मिटून घेतले.

शेजारच्या खाटेवर धरणगावच्या गयाबाई होत्या. पाय मोडलेला, प्लास्टरमध्ये. धुळ्याला नोकरीला असलेला मुलगा अजून आला नव्हता आणि त्यांचा तांब्या सकाळपासून रिकामा.

"अक्का, मला द्याल का थोडं?" त्या म्हणाल्या. "पण आम्ही बुद्धाला मानतो. तीर्थ म्हणून नको, पाणी म्हणून द्या."

सासूबाई गडूकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता भांडण होणार.

मग त्या उठल्या. गयाबाईंची मान हातावर घेतली. "पानीच शे माय. पी."

गयाबाईंनी गडू रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी वारा सरला. मी लाजून कुजबुजले, तर सासूबाई दारातूनच ओरडल्या, "डॉक्टर! वारा सरना!" सगळा वॉर्ड हसला. मी चादर डोक्यावरून ओढली.

"चमचाभर उकळलेलं पाणी द्या," डॉक्टर म्हणाले.

आमच्याकडे नव्हतं. गयाबाईंचा मुलगा रात्री आला होता, त्याने आणून ठेवलं होतं. सासूबाईंनी त्यांच्या तांब्यातून चमचा भरला आणि माझ्या तोंडाशी धरला.

"तीर्थ शे," त्या म्हणाल्या. "ले."

मी प्यायले आणि हात जोडले. देवाला, सासूबाईंना की गयाबाईंना, ते मला अजून वेगळं करता येत नाही.