ऑस्ट्रेलियाची पट्टी

ऑस्ट्रेलिया आणि व्हिएतनाम या दोन देशांची जेवढी काळजी आमचे चाचा वाहतात, तेवढी तिथल्या सरकारांनाही झेपणार नाही. चाचा माझे नात्याचे कोणी नाहीत. त्यांनी पांढरकवड्याच्या एका आरागिरणीत उभा जन्म करवतींना धार लावली, मी शाळेत भूगोल शिकवतो, एवढाच आमचा संबंध. हायवेवर चहाला थांबलेल्या एका ट्रकवाल्याने त्यांना कधीतरी सांगितलं, की आपण झाडून वीटभट्टीला देतो तसल्या लाकडाच्या कपच्या काही देश जहाजं भरभरून विकतात, त्यांचा कागद होतो. चाचा त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे. पुढे माझ्याकडून त्यांना कळलं, की या धंद्यातला जुना दादा ऑस्ट्रेलिया. पण व्हिएतनाम मागून आला आणि पुढे निघून गेला. झालं! तेव्हापासून गिरणीच्या भिंतीवर दर वर्षी सागाच्या दोन पट्ट्या चढू लागल्या, वर ऑस्ट्रेलियाची, खाली व्हिएतनामची. ज्याने जेवढा माल पाठवला तेवढी त्याची पट्टी लांब. आकडे मी संगणकावर शोधून द्यायचे, माप चाचांनी काढायचं, तेही सुतापर्यंत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापर्यंत. "एक सूत चुकलं तं दरवाजा बसत नाई, सर," हे त्यांचं ब्रीद. टपरीवरचा चहावाला हटकून विचारायचा, "काहो चाचा, व्हिएतनाममंदी सोयरीक केली काय?" चाचा शांतपणे बशी खाली ठेवत. "तिथं एक-दोन एकरवाले झाडं लावून राह्यले, बाबू. तू अंगणात एक कडुनिंब तरी लावला काय?"

आता माझा गुन्हा सांगतो. एका वर्षी चाचा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी यवतमाळला निघाले होते. स्टँडवर पिशवी सांभाळत त्यांनी विचारलं, "सर, म्हातारा यंदा तरी उठला काय?" म्हातारा म्हणजे ऑस्ट्रेलिया. पेपर तपासण्याच्या गडबडीत मी काहीच पाहिलं नव्हतं. पण त्यांचा चेहरा इतका उतरलेला होता, की मी म्हणालो, "उठला, चाचा. चांगलाच उठला." आणि तोंडाला येईल तो आकडा सांगून टाकला. परत आल्यावर, डोळ्यावरचा हिरवा चष्मा न काढता, त्यांनी लांबलचक पट्टी कापली आणि अख्ख्या टपरीला स्वतःच्या पैशाने चहा पाजला. मीही प्यालो. तेव्हापासून मी गिरणीसमोरून जाणं टाळू लागलो. वर्गात 'निर्यात' हा धडा आला की माझी जीभ अडखळे. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत पोरांच्या कॉप्या पकडल्या, आणि माझ्यावर आंधळा विश्वास टाकणाऱ्या एकमेव माणसाला मीच फसवलं होतं.

पुढच्या वर्षी त्या सालचे खरे आकडे कागदावर लिहून गेलो आणि सगळं कबूल केलं. चाचा कानशीने पातं घासत होते, घासतच राहिले. मग मला भिंतीशी नेऊन म्हणाले, "हात लावा." माझ्या त्या खोट्या पट्टीचा खिळा अर्धाच ठोकलेला होता. बाकी सगळे खिळे डोक्यापर्यंत आत.

"आकडा सांगताना तुमी माझ्याकडं पाह्यलंच नाई, सर. मले तवाच समजलं."

"मग टपरीवर चहा कशाचा पाजला?"

"माझा डोळा वाचला नं! त्याचा." ते हसले. "अन् मी म्हातारा असन, पर माझ्या खुशीसाठी कोणाचं माप वाढवू नका. तुमी येसान म्हून वाट पाहून राह्यलो होतो."

ती पट्टी उपटून तिच्या जागची नवी त्यांनी मलाच कापायला लावली. ती एक सूत कमी भरली. मी दुसरी कापतो म्हणालो, तर माझ्या हातात हातोडी देत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. खरी हाय." माझा खिळा वाकडा गेला, तो मात्र त्यांनी पुरा ठोकवून घेतला.

आता चाचांना पट्ट्या नीट दिसत नाहीत. दर वर्षी ते बोटांनी चाचपत जातात आणि त्या वाकड्या खिळ्यापाशी क्षणभर थांबतात. "हे सरची," म्हणतात, आणि पुढे सरकतात.